आपत्कालीन बिनतारी संदेशवहन (सोलापूर जिल्हा)

पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका आणि महसूल खात्याची पथके यांना संकटकाळी खात्रीने बोलता यावे म्हणून उभारलेली, सार्वजनिक मोबाइल जाळ्यावर विसंबून नसलेली संपर्कव्यवस्था. बोलीत तिला नुसते ‘वायरलेस’ म्हणतात आणि हातातल्या यंत्राला ‘सेट’.

सेटचे बटण दाबून बोलायचे, सोडून ऐकायचे. क्रमांक फिरवावा लागत नाही. एकाचे बोलणे त्याच वाहिनीवरच्या, म्हणजे त्याच ठरलेल्या वारंवारतेवरच्या, सगळ्यांना एकदमच कळते. या सेटच्या व्हीएचएफ (अति उच्च वारंवारतेच्या) रेडिओ लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि हातातल्या सेटची शक्ती साधारण ५ वॉट. त्यामुळे उंचावर रिपीटर बसवतात. तो एका वारंवारतेवर ऐकलेले दुसऱ्या वारंवारतेवर अधिक शक्तीने पुन्हा सोडतो. सोलापूर बहुतांशी सपाट पठार, त्यामुळे डोंगरांची आडकाठी कमी. पण तालुके ११ आणि क्षेत्र जवळपास १४,९०० चौ. किमी. करमाळ्याचा आवाज अक्कलकोटला पोचवायचा तर मधला दुवा हवाच.

मोबाइल असताना हा खटाटोप कशाला, याचे उत्तर आषाढी एकादशीला पंढरपुरात मिळते. लाखो वारकरी एकाच वेळी घरी फोन लावू लागले की मनोऱ्याची क्षमता संपते. चुकामूक झालेल्यांची नावे भोंग्यावरून पुकारण्याची रीत म्हणूनच टिकून आहे. मोबाइल तंत्रज्ञानात सुरक्षा व आपत्कालीन सेवांसाठी अग्रक्रमाचे वर्ग आहेत, पण ते सिम कार्डावर आधीच नोंदवलेले असावे लागतात. ११२ हा क्रमांक नागरिकांसाठी. तो लागायलाही जाळे चालू लागतेच.

पुरात अडचण गर्दीची नसते, विजेची असते. वीज गेली की मनोरा बॅटरीवर येतो, बॅटरी काही तासांत उतरते आणि डिझेल पोचवायचा रस्ता पाण्याखाली असतो. उजनीतून विसर्ग वाढला, त्यात वीर धरणाचे पाणी नीरेतून येऊन मिळाले, की भीमाकाठच्या गावांना हाती असलेला वेळ तासांत मोजावा लागतो. ऑक्टोबर २०२० मध्ये पंढरपुरात आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनाकाठी महापूर आला. अशा वेळी विसर्गाचा आकडा पाण्याच्या आधी गावात पोचला पाहिजे.

आगीत प्रश्न आणखी वेगळा. काँक्रीट आणि पत्रा लहरी अडवतात. आत शिरलेल्या जवानाचा सेट रिपीटरपर्यंत पोचेलच असे नाही. तेव्हा रिपीटर वगळून सेट-ते-सेट थेट बोलावे लागते. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत ८ जण दगावले. राहण्याची जागा आणि कारखाना एकाच इमारतीत असला की आतली प्रत्येक खबर मोलाची ठरते.

सर्वांत चिवट अडचण मात्र तांत्रिक नाही. शहराला १९९२ पासून पोलीस आयुक्तालय, उरलेल्या जिल्ह्याला ग्रामीण पोलीस; अग्निशमन महापालिकेचे किंवा नगरपरिषदेचे, १०८ रुग्णवाहिका आरोग्य खात्याची. यंत्रणा वेगळ्या, वाहिन्याही वेगळ्या. युरोपातील टेट्रा किंवा अमेरिकेतील पी-२५ या डिजिटल पद्धतींत अनेक दलांचे गट गरजेनुसार एकत्र जोडता येतात. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात संपर्क तुटल्याच्या अनुभवातून अमेरिकेने २०१२ मध्ये फर्स्टनेट हे स्वतंत्र ब्रॉडबँड जाळे कायद्याने स्थापले. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने अशा जाळ्याबाबत २०१८ मध्ये शिफारशी केल्या. सामायिक जाळे नसेल तिथे चालणारा उपाय जुनाच: टेबलावर दोन-तीन सेट शेजारी ठेवायचे आणि एकावर ऐकलेले दुसऱ्यावर सांगायला एक माणूस बसवायचा.