लग्नाची डीव्हीडी हार्ड डिस्कवर घेताना: जागा किती, दर्जा किती

सांगली-मिरजेकडे २००० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत लागलेल्या लग्नांचं शूटिंग बहुतेक घरांत सीडी-डीव्हीडीवर आहे, त्याआधीचं कॅसेटवर. आता नव्या लॅपटॉपला डिस्कचा ड्राइव्ह नसतो, टीव्हीखालचा प्लेअर माळ्यावर गेलाय, आणि घरोघरी या डिस्क हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायची घाई चालली आहे. घाई योग्यच आहे. घरी किंवा स्टुडिओत राइट केलेल्या डीव्हीडीत माहिती असते ती सेंद्रिय रंगाच्या एका पातळ थरात, आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी हा थर हळूहळू बिघडतो. पण डिस्क बिघडण्याआधीच चित्र बिघडवलं जातं, तेही आपल्याच हातून. चार जीबीचं लग्न सातशे एमबीत बसवायचं, मूळ डिस्क टाकून द्यायची, आणि मग मोठ्या टीव्हीवर लावल्यावर दिसतं की माणसांच्या चेहऱ्याचे चौकोन झालेत. गेलेला तपशील कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

आधी हिशेब. डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर तीच डिस्क ४.३८ जीबीची दाखवतो. कंपनी हजारच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच फरक. काहीही गायब झालेलं नसतं. व्हिडिओची फाइल किती मोठी होणार हे फक्त दोन गोष्टींवर ठरतं: किती वेळ आणि सेकंदाला किती बिट. सेकंदाला १ मेगाबिट म्हणजे तासाला ४५० एमबी, हा आकडा पाठ असला की पुढचं सगळं तोंडी करता येतं. तीन तासांचं लग्न एका डीव्हीडीत बसवलं असेल, तर आवाजासकट सेकंदाला साधारण साडेतीन मेगाबिट वाट्याला आलेत. दोन तासांचं असेल तर पाचच्या थोडे वर. डीव्हीडीत नुसत्या चित्रासाठी मर्यादा ९.८ मेगाबिटची आहे, म्हणजे तीन तासांच्या डिस्कमध्ये स्टुडिओवाल्यानं आधीच हात बराच आखडता घेतलेला असतो.

किती आखडता? आपल्याकडच्या पाल पद्धतीत डीव्हीडीची एक फ्रेम ७२० बाय ५७६ ठिपक्यांची, आणि सेकंदाला अशा २५ फ्रेम. काहीच न दाबता ठेवलं तर एका तासाला ५६ जीबी लागतील. डिस्कवर तो तास दीड जीबीच्या आसपास आहे. म्हणजे तुमच्या हातात येण्याआधीच चित्र पस्तीसेक पट दाबलं गेलंय.

हे दाबणं दोन तऱ्हांनी होतं. एक, फ्रेमचे १६ बाय १६ ठिपक्यांचे तुकडे करून 'हा तुकडा मागच्या फ्रेममध्ये कुठे होता' हे शोधायचं. सापडला तर पुन्हा साठवायचा नाही, फक्त तो कुठून कुठे सरकला एवढं लिहायचं. पूर्ण फ्रेम डीव्हीडीत साधारण १२ फ्रेममागे एकदाच येते. दुसरी तऱ्हा म्हणजे तुकड्यातले बारीक चढउतार आकड्यांत मांडायचे आणि ते आकडे भागून जवळच्या पूर्णांकावर आणायचे. १०३, १४, ६, २ असे आकडे १० ने भागले की १०, १, १, ० उरतात. परत गुणल्यावर १००, १०, १०, ०. मोठा आकडा जवळपास शाबूत राहिला, शेवटचा बारीकसा तपशील कायमचा गेला. भागायचा आकडा जितका मोठा, तितकी फाइल लहान आणि चित्र ढोबळ.

लग्नात या पद्धतीची सगळ्यात कठीण परीक्षा होते ती 'शुभमंगल सावधान' या क्षणाला. अंतरपाट दूर होतो आणि चारी बाजूंनी अक्षता येतात. प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेनं, वेगळ्या वेगानं, कॅमेऱ्यात दोन-तीन ठिपक्यांएवढा. मागच्या फ्रेममधला तुकडा या फ्रेममध्ये सापडतच नाही, कारण त्याच्यावर आता नवे दाणे आहेत. त्यात फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला की अख्खी फ्रेम पांढरी होते, आणि पुढची फ्रेम मागच्यावरून काढायची सोयच उरत नाही. जवळजवळ सगळे तुकडे नव्यानं लिहावे लागतात, बिट मात्र ठरलेलेच असतात. मग भागायचा आकडा वाढतो आणि ज्या दोन सेकंदांसाठी सगळा खटाटोप, तिथेच मुंडावळ्या आणि चेहरा एकमेकांत मिसळतात. उलट पंगतीच्या लांबच लांब शूटिंगमध्ये कॅमेरा संथ, माणसं बसलेली. तिथे बिट उरतात.

म्हणून मूळ डिस्कची जशीच्या तशी प्रत आधी ठेवावी, दाबू नये. घरात दहा डीव्हीडी असतील तर सगळ्या मिळून ४७ जीबी. १ टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये पूर्ण भरलेल्या दोनशेवर डीव्हीडी बसतात. एवढी जागा हाताशी असताना आधीच दाबलेलं चित्र पुन्हा दाबून घरच्या आठवणींचे चार-सहा जीबी वाचवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. व्हीसीडीचं, म्हणजे सीडीवरच्या व्हिडिओचं, तर बोलूच नये: ती ३५२ बाय २८८ ठिपक्यांची, चित्राला सेकंदाला १.१५ मेगाबिट, तास सहाशे एमबीचा. तिला पुन्हा दाबण्यासारखं काहीच उरलेलं नसतं.

प्रत घेताना डिस्कची इमेज करावी, म्हणजे डिस्कवरचं सगळं एका फाइलमध्ये. विंडोजवर इमेजबर्न हे काम फुकट करतं. डीव्हीडीत चित्र-आवाज ज्यात असतो त्या व्हीओबी फाइल नुसत्या ओढून घेऊ नयेत. डीव्हीडीत एकच लग्न १ जीबीच्या तुकड्यांत तोडलेलं असतं, आणि प्रत्येक तुकडा वेगळा कन्व्हर्ट केला की जोडाच्या जागी मंगलाष्टक तुटतं किंवा आवाज मागे-पुढे होतो. इमेज झाली की मेकएमकेव्हीसारख्या सॉफ्टवेअरनं त्यातलं चित्र आणि आवाज एका एमकेव्ही फाइलमध्ये भरता येतात. यात काहीही पुन्हा दाबलं जात नाही, फक्त डबा बदलतो.

डिस्क मध्येच अडकत असेल तर मऊ, किंचित ओल्या कापडानं मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नाही; गोल ओरखडा ड्राइव्हच्या लेझरला सलग अडवतो, आडवा ओरखडा क्षणभरच. टूथपेस्ट लावू नये. तरीही वाचत नसेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरावं. ते आधी सहज वाचणारा भाग घेतं, अडलेल्या जागांची नोंद ठेवतं आणि मग तेवढ्याच जागांवर पुन्हा फिरतं. तीच नोंद ठेवून डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली तर पहिल्यानं सोडलेले भाग दुसरा पुष्कळदा वाचतो. सीडीबाबत आणखी एक जपायचं: तिचा माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो. वरचं स्टिकर ओढून काढलं तर थरही निघून येतो. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मध्ये असल्यामुळे थोडा सुरक्षित.

आता लहान प्रत. टीव्हीच्या पेन ड्राइव्हसाठी, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना पाठवण्यासाठी ती लागतेच, आणि इथे दर्जा-जागेचा तोल खरोखर साधावा लागतो. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसं आहे. कोडेक, म्हणजे चित्र दाबायची पद्धत, एच २६४ घ्यावा. एच २६५ जागा वाचवतो, पण डीव्हीडीएवढ्या चित्रात ती बचत फारशी जाणवत नाही आणि जुन्या टीव्हीवर तो चालतही नाही. 'ठरावीक बिटरेट' ऐवजी 'ठरावीक दर्जा', म्हणजे आरएफची पट्टी वापरावी. डीव्हीडीच्या चित्राला १८ ते २२ योग्य. आकडा कमी तेवढा दर्जा जास्त, आणि सहाने वाढवला की फाइल साधारण निम्मी होते. आरएफमध्ये अक्षतांच्या सेकंदाला बिट आपोआप जास्त मिळतात आणि पंगतीला कमी. ठरावीक बिटरेटची, व्हिडिओ दोनदा तपासणारी दोन फेऱ्यांची पद्धत तेव्हाच घ्यावी, जेव्हा फाइल अमुक एमबीतच बसवायची सक्ती असेल. वेग 'स्लो' ठेवावा. त्याहून संथ केल्यानं वेळ खूप जातो, मिळतं थोडं.

अख्खं लग्न लावण्याआधी एक मिनिटाची चाचणी घ्या. अक्षता असलेलं अर्धं मिनिट आणि रात्रीच्या वरातीचं अर्धं मिनिट १८, २० आणि २२ वर करून बघा. लॅपटॉपवर नाही, ज्या टीव्हीवर बघणार त्याच्यावर. वरात अशासाठी की अंधारात नवी अडचण दिसते: आकाश काळ्या-करड्या पट्ट्यांत फाटतं. सांगली ही नाट्यपंढरी, इथे नाटकांचं रेकॉर्डिंग भरपूर, त्यात मागचा काळा पडदा अगदी असाच फाटतो. अशा वेळी आरएफ दोनने खाली आणणं हाच उपाय.

कधी कधी लहान प्रत मूळ फाइलपेक्षा मोठी होते आणि लोक चक्रावतात. आरएफ दर्जाची हमी देतो, आकाराची नाही. कार्यालयातल्या अपुऱ्या उजेडात किंवा जुन्या कॅसेटवरून घेतलेल्या चित्रात दाणेदार खळबळ असते. ती प्रत्येक फ्रेममध्ये नवी असते, आणि एन्कोडर, म्हणजे दाबणारं सॉफ्टवेअर, तिलाही तपशील समजून इमानानं जपतो. हँडब्रेकमधला एनएलमीन्स हा खळबळ पुसणारा फिल्टर हलक्या ताकदीवर लावला की फाइल बरीच उतरते. जोरात लावला तर पैठणीची बुट्टीही खळबळ समजून पुसली जाते, तेव्हा हलकाच.

दुसरा नेहमीचा घोळ हलत्या हातांच्या कडेला दिसणाऱ्या कंगव्याच्या दातांचा. जुन्या कॅमेऱ्याची एक फ्रेम म्हणजे एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतरानं टिपलेली दोन अर्धी चित्रं, एकाआड एक रेघांत विणलेली. डीव्हीडी प्लेअर-टीव्ही ती उलगडत असे. कन्व्हर्ट करताना ते काम आपल्याला करावं लागतं. हँडब्रेकमध्ये डीइंटरलेस फिल्टरला 'बॉब' निवडावं आणि फ्रेमचा वेग ५० ठेवावा, म्हणजे लेझीमचा झपका मूळच्याइतका सलग दिसतो. नावात '१०८०पी३०' असलेला तयार प्रीसेट इथे फसवतो: त्यातलं १०८० ही चित्राच्या आकाराची कमाल मर्यादा, आणि ३० ही वेगाची, त्यामुळे ५० पैकी पुष्कळ फ्रेम गाळल्या जातात. चित्र दर क्षणी मागे-पुढे थरथरत असेल तर अर्ध्या चित्रांचा क्रम उलटा लागलाय असं समजावं. आणि डीव्हीडी ताणून १०८० ची करू नये. तपशील वाढत नाही, वाढते ती फाइल.

आवाजाला हात लावू नये. दोन वाहिन्यांचा १९२ किलोबिटचा आवाज तासाला ८६ एमबी घेतो. तेवढ्यासाठी सनई-चौघडा कशाला खरवडायचा? अपवाद एकच. काही डिस्कवर आवाज न दाबलेला, म्हणजे पीसीएम असतो आणि तासाला ६९० एमबी खातो. मूळ प्रतीत तो राहू द्यावा, लहान प्रतीत एएसी या दाबलेल्या प्रकारात करावा.

पेन ड्राइव्हवर भरताना 'फाइल फार मोठी आहे' असं आलं तर जागा संपलेली नसते. पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये असतो आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल ठेवता येत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा. टीव्हीला ते कळत नसेल तर लग्नाचे हळद, लग्न, वरात असे भाग पाडावेत.

खरी बचत होते ती कॅसेट आणि नव्या शूटिंगमध्ये. मिनी डीव्हीची कॅसेट तासाला १३ जीबी होते, आणि सेकंदाला १०० मेगाबिटनं केलेलं फोरकेचं शूटिंग ४५ जीबी. कच्चं शूटिंग निवडून, उरलेलं आरएफ १८ ला एच २६४ किंवा २६५ करण्यात काही गैर नाही, कारण इथे मूळ चित्र दाबणी सोसण्याइतकं भरलेलं असतं. पाटण-महाबळेश्वरकडच्या पावसात राहिलेल्या व्हीएचएस कॅसेटला खिडकीतून पांढरी बुरशी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नये. टेप फाटतेच, शिवाय हेडला लागलेली बुरशी पुढच्या कॅसेटला जाते.

सगळं उतरल्यावर प्रत्येक फाइलचा शेवट, मध्य आणि एखादी अडलेली जागा उघडून बघावी, मगच दुसरी प्रत करावी. ती दुसऱ्या गावी ठेवावी. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागात आणि सांगलवाडीत तळमजल्यावरची कपाटंच पाण्याखाली होती. एकाच कपाटातल्या दोन प्रती तेव्हा एकीच्याच बरोबरीच्या. विट्याला किंवा जतला नातेवाइकाकडे एक हार्ड डिस्क असली तरी पुरे. वर्षातून एकदा ती जोडून दोन-चार फाइल चालवून बघाव्यात. एकुलती एक प्रत पेन ड्राइव्हवर मात्र ठेवू नये, कारण वर्षानुवर्षं वीज न मिळाल्यास त्यातली माहिती पुसट होते. मूळ डीव्हीडीही टाकू नयेत: उभ्या, आपापल्या डबीत, उन्हापासून लांब ठेवाव्यात, आणि नाव लिहायचं तर डिस्कसाठीच्या मऊ टोकाच्या मार्करनं, मधल्या पारदर्शक कड्यावर.