तारेची एक बाजू उजळ, एक बाजू मंद

परवा मावशी आली होती. टेबलावरच्या माझ्या घड्याळात, आडव्या काचनळीत उजळलेले निळसर-हिरवे अंक बघून तिने विचारलं, "यातून रेडिएशन येत नाही ना रे? जुन्या टीव्हीतून यायचं म्हणे."

प्रश्न रास्त आहे. माझ्या घड्याळातली नळी म्हणजे व्हॅक्यूम फ्लुओरेसंट डिस्प्ले. जुना टीव्ही आणि ही, दोघांचं कूळ एकच: निर्वात काच, तापलेली तार, तिच्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन आणि ते आदळले की उजळणारा फॉस्फर. पण रंगीत टीव्हीत इलेक्ट्रॉन वीस-पंचवीस हजार व्होल्टने ओढले जात, इथे फार तर ५० व्होल्टने. त्यात काचेबाहेर पडू शकतील असे क्ष-किरण निर्माणच होत नाहीत. मोबाइलमागे चिकटवायच्या 'अँटी-रेडिएशन' चकत्या विकणाऱ्यांनी या शब्दाची एवढी भीती घातली आहे, की दिव्याचा उजेड हेही रेडिएशनच हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

इतक्या कमी व्होल्टेजवर उजळणं ही करामत झिंक ऑक्साइडची. बहुतेक फॉस्फर विद्युतरोधक असतात. संथ इलेक्ट्रॉन त्यांच्यावर साचतात आणि मागून येणाऱ्यांना परतवून लावतात. झिंक ऑक्साइडमधून ते वाहून जातात. १९६७ साली जपानच्या इसे इलेक्ट्रॉनिक्सने सात रेघांच्या अंकाची अशी नळी बनवली. पुढे आपल्या घरांतल्या व्हीसीआरवर वेळ दाखवणारे हिरवे आकडे याच जातीचे.

माझी नळी सोव्हिएत बनावटीची, आयव्ही-१८. आठ अंक एका ओळीत. नवखा माणूस घाबरतो तो ५० व्होल्टला. पण ते एक कॉइल आणि एक आयसी वापरून सहज तयार होतात, करंट जेमतेम काही मिलिअँपिअर. खरी निगा हवी ती फिलामेंटची. केसाहून बारीक टंगस्टनच्या तारेवर बेरियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियमच्या ऑक्साइडांचा लेप असतो. त्यामुळे सहाशे-साडेसहाशे अंश सेल्सिअसलाच इलेक्ट्रॉन सुटू लागतात. तार पूर्ण अंधारात पुसटशी लाल दिसली तर ठीक. भर उजेडात नारिंगी दिसली, तर व्होल्टेज ताबडतोब कमी करा; लेप उडतो आहे.

आयव्ही-१८च्या फिलामेंटला लागतात ५ व्होल्ट, सुमारे ८५ मिलिअँपिअर. मी पहिल्या रात्री सरळ डीसी जोडला, अ‍ॅनोडला (म्हणजे अंकाच्या फॉस्फर लावलेल्या रेघांना) ३० व्होल्ट दिले. एका कडेचा अंक झगझगीत, दुसऱ्या कडेचा मलूल! नळीच खराब निघाली असं वाटलं. पण दोष माझ्या जोडणीचा होता. तार नळीभर लांब पसरलेली; तिचं एक टोक शून्यावर, दुसरं ५ व्होल्टवर. म्हणजे एका कडेच्या इलेक्ट्रॉनला ३० व्होल्टची ओढ, दुसऱ्या कडेला २५ची. करंट व्होल्टेजच्या दीडव्या घाताने वाढतो (हा चाइल्ड-लँगम्युअर नियम), शिवाय प्रत्येक इलेक्ट्रॉनची ऊर्जाही व्होल्टेजच्या प्रमाणात. मिळून घात अडीच. ३० भागिले २५ म्हणजे १.२, त्याचा अडीचवा घात साधारण १.५८. एवढ्याशा उतारापायी उजेडात दीडपट फरक!

उपाय एसी. टोकांची अदलाबदल होत राहिली की सरासरी सारखी होते. मात्र ५० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर नको: अंक एकेक करून, पाळीपाळीने पेटवले जातात, त्या फेऱ्यांशी ५० हर्ट्झचा मेळ चुकला की उजेड हेलकावे खातो. मी स्वतःच छोटा ट्रान्सफॉर्मर बनवला: फेराइटच्या कड्यावर वीस वेढे प्राथमिक, वीस दुय्यम गुंडाळले, दुय्यमच्या दहाव्या वेढ्यावर मधली तार काढली आणि एच-ब्रिजने (करंटची दिशा उलटसुलट करणाऱ्या सर्किटने) सेकंदाला वीस हजार वेळा दिशा पालटली.

उजेड सारखा झाला, पण भुतं दिसू लागली: विझलेल्या अंकात शेजारच्या अंकाची फिकट छाया. मधली तार जमिनीला (शून्य व्होल्टला) जोडली होती, त्यामुळे फिलामेंटचं टोक आळीपाळीने उणे अडीचवर जायचं. प्रत्येक अंकासमोर ग्रिड, म्हणजे इलेक्ट्रॉनांना वाट देणारी किंवा अडवणारी जाळी, असते. विझलेल्या अंकाची ग्रिड शून्यावर, म्हणजे त्या टोकाच्या मानाने अधिक अडीच. दार किलकिलं राहायचं, इलेक्ट्रॉन निसटायचे. मधल्या तारेत ५.१ व्होल्टचा झेनर डायोड (ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणारा भाग) घातला आणि सबंध फिलामेंट वर उचलली गेली. आता तिचं सर्वांत खालचं टोकही अधिक २.६वर, म्हणजे शून्यावरची ग्रिड तिच्या मानाने कायम उणे.

खोलीतला दिवा मालवून पाहिलं. विझलेले अंक आता ठार काळे होते.