प्रायमर मारून गाडी उभी ठेवताय? आधी हे वाचा

जुनी गाडी घरच्या घरी रंगवायला घेतलेल्या ग्राहकांची एक तक्रार आमच्या रंगाच्या दुकानात सतत येते. रंग उत्तम बसला होता, चमकही होती, पण काही महिन्यांत दाराच्या खालच्या कडेला आणि बॉनेटवर बारीक फोड आले. सोबत एक वाक्य ठरलेलं असतं: “रंग तुमच्याकडूनच नेला होता.”

त्यावर आम्ही रंगाची चौकशी करतच नाही. विचारतो एवढंच, की प्रायमर मारल्यावर गाडी किती दिवस उभी होती? बहुतेक वेळा उत्तर महिन्यांत येतं. इंजिन उतरवलेलं होतं, क्रोमचे भाग प्लेटिंगला गेले होते, रबर मिळत नव्हती. पत्रा उघडा पडू नये म्हणून प्रायमर मारून वर ताडपत्री टाकली होती. हेतू चांगला, पण नुकसान नेमकं तिथेच होतं.

साधा राखाडी प्रायमर, म्हणजे सरफेसर, घासण्यासाठी बनवलेला असतो, पत्रा झाकण्यासाठी नाही. तो सहज घासला जावा म्हणून त्यात टाल्कसारखी भुकटी भरपूर आणि तिला बांधून ठेवणारं रेझिन कमी असतं. त्यामुळे सुकल्यावर तो टिपकागदासारखा ओल ओढतो. हवेतला दमटपणा, रात्रीचं दव, ताडपत्रीखाली अडकलेली वाफ, सगळं हळूहळू पत्र्यापर्यंत पोहोचतं. वरून काही दिसत नाही. तुम्ही हात फिरवता, गुळगुळीत लागतं, समाधान वाटतं. त्याच हाताच्या घामातलं मीठही प्रायमरवर राहतं.

मग एक दिवस वर रंग आणि क्लिअर, म्हणजे चमक देणारा पारदर्शक थर, चढतो. कुठलाही रंग पूर्ण जलरोधक नसतो. वाफ त्यातून थोडी थोडी आत जातच राहते आणि खाली मीठ असेल तिथे ओढली जाऊन साठते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, तोही आतून रंग उचलतो. ऊन लागलं की फोड दिसायला लागतात. त्यावर परत रंग मारून उपयोग नाही. पत्र्यापर्यंत खरवडावं लागतं, म्हणजे केलेलं काम पहिल्यापासून.

यावर उपाय सोपा आहे आणि फार महागही नाही. गाडी थांबणार आहे हे माहीत असेल, तर उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मारा. तो दाट असतो, ओल अडवतो, आणि छपराखाली गाडी निवांत उभी राहू शकते. उन्हात मात्र नको, उन्हाने इपॉक्सीची भुकटी होते. खड्डे भरायची पुट्टी इपॉक्सीचा थर घासून मग त्यावर लावा. सरफेसर सगळ्यात शेवटी, रंगाचा दिवस ठरल्यावरच. डब्यावर पुढचा थर किती वेळात मारायचा ते लिहिलेलं असतं. ती वेळ टळली असेल तर ३२० किंवा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने इपॉक्सी खरखरीत केल्याशिवाय वर काहीच धरत नाही. झाकायला ताडपत्री नको, हवा जाऊ देणारं कापड घ्या.

पुट्टी पाण्याने घासू नका. तीही पाणी पिते आणि लवकर सोडत नाही. जुना रंग काढताना मात्र उलट: जुन्या थरांत शिसं असू शकतं, म्हणून कोरडी धूळ उडवण्यापेक्षा पाण्याने घासा किंवा पेंट रिमूव्हर वापरा, आणि पत्रा लगेच पुसून वाळवा. या सगळ्याच्याही आधी ग्रीस रिमूव्हर: एका कापडाने लावा, दुसऱ्या कोरड्या कापडाने उचला. आधी घासलंत तर पॉलिशमधलं सिलिकॉन ओरखड्यांत बसतं आणि रंगात गोल खड्डे पडतात.

साधा प्रायमर मारून गाडी आधीच बरेच महिने उभी असेल, तर आम्ही वरचा रंग देण्याआधी तो प्रायमर काढायला सांगतो. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारं दुकान काहींना विचित्र वाटतं. काही जण रागावून दुसरीकडून रंग नेतात. तरीही आम्ही हेच सांगणार, कारण फोड आल्यावर दोष रंगालाच मिळतो.

दुसरा नेहमीचा प्रश्न: जुन्या रंगावरच नवा मारू का? डिकीच्या आत, न दिसणाऱ्या जागी, थिनरने भिजवलेलं कापड मिनिटभर धरून बघा. रंग विरघळून कापडाला लागला, तर तो लॅकर, म्हणजे नुसता थिनर उडून सुकणारा रंग आहे. सुरकुत्या पडल्या, तर इनॅमल, म्हणजे हवेत हळूहळू कडक होणारा रंग आहे. त्यावर लॅकर मारलात तर अख्खा पॅनेल असाच आकसेल. काहीच झालं नाही, तर बहुधा टू-के, म्हणजे हार्डनर (कडक करणारं रसायन) मिसळून मारलेला रंग आहे, आणि तो घट्ट असेल तर घासून त्यावर काम करता येतं. जुन्या गाडीला लॅकरचीच चमक हवी असेल, तर दमट दिवशी मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, ओल धरते आणि रंग दुधाळ पडतो.

टू-के रंगाचं हार्डनर आम्ही विचारपूस केल्याशिवाय देत नाही, त्यावरूनही वाद होतात. त्यात आयसोसायनेट असतं. स्प्रेतून ते फुप्फुसात गेलं तर कायमचा दमा होऊ शकतो, आणि वास येत नाही म्हणून मास्क निकामी झालेला कळतही नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क नसेल, तर गॅरेजमध्ये टू-के मारू नका. कापडी मास्क तर विसराच.

म्हणून बरेच ग्राहक मधला मार्ग घेतात, आणि आमच्या मते तोच शहाणपणाचा आहे. वेळखाऊ काम म्हणजे खोलणं, खरवडणं, पुट्टी, घासणं हे घरी निवांत करायचं. सरफेसर आणि शेवटचे थर आमच्या बूथमध्ये, म्हणजे स्प्रे मारायच्या बंद खोलीत. खर्चाचा मोठा भाग मजुरीचा असतो, तो तुमच्या हातानेच वाचतो. घासणं जमलंय का हे पाहायला काळ्या रंगाचा हलका फवारा मारून पॉलिश पेपर लावलेल्या लांब ब्लॉकने घासा. काळं राहील तिथे खड्डा आहे. तो आत्ताच भरा, चमक आल्यावर तो दुप्पट दिसतो.

रंग जुळवायला मोबाइलवरचा फोटो चालत नाही. ऊन न लागलेला सुटा भाग आणा, शक्यतो ग्लोव्ह बॉक्सचं झाकण, पुसून आणि हलकं पॉलिश करून. गाडीवर मारलेल्या प्रायमरचा रिकामा डबाही आणा, आणि तो कोणत्या तारखेला मारला ते त्यावर लिहून ठेवा.