मुंबईत गाडीची जागा घराच्या हिशेबात कशी आली

मे २०२५मध्ये आठवड्याभराच्या आत दोन गोष्टी जाहीर झाल्या. राज्याचं ‘माझे घर, माझा अधिकार’ हे गृहनिर्माण धोरण मंजूर झालं. २०३०पर्यंत ३५ लाख घरं हे त्याचं उद्दिष्ट. आणि पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी करणार नाही, असंही सरकारकडून सांगण्यात आलं. चर्चा दोन्हींची झाली, पण वेगवेगळी. मुंबईत मात्र हे दोन विषय निदान १९९१पासून एकाच तक्त्यात बसलेले आहेत.

चाळी, भाडे नियंत्रण, गिरण्यांच्या जमिनी यांत शिरत नाही. तो इतिहास सगळ्यांना पाठ आहे आणि त्यात चारचाकीला फारशी जागाही नव्हती. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने घराच्या चटईक्षेत्रावरून पार्किंग ठरवलं. ३५ चौरस मीटरपर्यंतची घरं असतील तर चार घरांत एक जागा, ७०च्या वर गेलं की एका घराला दोन. २०१८मध्ये लागू झालेल्या नियमावलीने या रेषा ४५ आणि ९०वर सरकवल्या, पण रचना तीच ठेवली. लहान घरात राहणाऱ्याकडे गाडी नसते, हे त्यामागचं गृहीतक. रिक्षा, टॅक्सी, टेम्पो चालवून पोट भरणारा बहुधा याच घरांत राहतो, हे तक्ता करणाऱ्यांना सुचलं नसावं. शिवाय नियमाप्रमाणे लागणारं पार्किंग एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्या मर्यादेत, धरलं जात नाही. घराचा फूट न् फूट मोजायचा आणि गाडीचा सोडून द्यायचा, हे मुंबईने तेव्हाच स्वीकारलं.

खरा गुंता झाला तो या न मोजलेल्या जागेचा मालक कोण यावरून. बिल्डर स्टिल्टखालची, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, जागा वेगळी विकत होते, कधी सोसायटीबाहेरच्या माणसालाही. दहिसरच्या एका सोसायटीचं असंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल लागला. १९६३च्या मोफा कायद्यात, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्यात, फ्लॅटच्या व्याख्येत गॅरेज येतं. त्यावर बिल्डरचा युक्तिवाद उभा होता: स्टिल्ट म्हणजे गॅरेज, गॅरेज म्हणजे फ्लॅट, म्हणून ते विकता येतं. न्यायालयाने तो फेटाळला. खांबांमधली मोकळी जागा गॅरेज होत नाही. ती सामाईक जागा आहे, तिचा खर्च फ्लॅटधारकांकडून आधीच वसूल झालेला असतो आणि बिल्डरचा हक्क न विकलेल्या फ्लॅटपुरताच उरतो.

निकाल कायद्याला धरून होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पार्किंगचं वाटप सोसायटीकडे आलं. उपविधींप्रमाणे आधी एका सभासदाला एकच जागा, आणि जागांपेक्षा मागणारे जास्त असतील तर सोडत. सर्वसाधारण सभेतल्या भांडणांना त्यानंतर नवा विषय मिळाला, हेही खरं. ज्यांनी आधीच पैसे मोजून जागा ‘घेतली’ होती त्यांच्या हातात पावती उरली, हक्क नाही.

मग २०१६चा रेरा हा बांधकाम प्रकल्पांवर नियमन आणणारा केंद्रीय कायदा आला आणि चित्र पुन्हा फिरलं. त्यात गॅरेजची व्याख्या आहे: वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती. उघडं पार्किंग सामाईक जागेत गेलं. छप्पर आहे पण भिंती नाहीत अशा स्टिल्टचं काय? केंद्रीय कायद्यातली ही फट राज्याच्या २०१७च्या नियमांनी ‘आच्छादित पार्किंग’ या तिसऱ्या प्रकाराने भरली. तळघर, स्टिल्ट, पोडियम, यांत्रिक पार्किंग असं सगळं त्यात आलं. उघडी जागा विकायची नाही, गॅरेज आणि आच्छादित जागा पैसे घेऊन देता येते, असं महारेरा या राज्याच्या नियामकाने २०२१मध्ये स्पष्ट केलं. मोफा कायदा रद्द झालेला नाही, २०१०चा निकालही जागेवर आहे, आणि दहिसरला जी जागा विकता येत नव्हती तशीच जागा नव्या प्रकल्पात दरपत्रकावर आहे. २०२४मध्ये त्यात एवढीच भर पडली की पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी आणि उंची करारनाम्यात लिहायची. गाडी शिरतच नाही, मध्ये खांब किंवा बीम येतो, अशा तक्रारींतून ते आलं.

परवडणाऱ्या घरांवर याचा परिणाम कराच्या वाटेने होतो, आणि तिकडे फारसं कोणी पाहत नाही. एप्रिल २०१९पासून मुंबई महानगरात ६० चौरस मीटरपर्यंतच्या आणि ४५ लाखांपर्यंतच्या बांधकामाधीन घराला १ टक्का जीएसटी आहे, त्यापुढे ५ टक्के. या ४५ लाखांत पार्किंगचे पैसेही धरले जातात. समजा घर ४३ लाखांचं आणि पार्किंग ३ लाखांचं. बेरीज ४६ लाख, म्हणजे ४३ हजारांऐवजी २ लाख ३० हजार कर. गाडीच्या जागेपायी घर परवडणाऱ्यांच्या यादीतून बाहेर!

महापालिकेला सार्वजनिक वाहनतळ बांधून द्या आणि जादा एफएसआय घ्या, ही योजनाही मधल्या काळात येऊन गेली. तिच्या जोरावर लोअर परळच्या बाजूला उंच मनोरे उभे राहिले. २०१९मध्ये वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांना ५ हजारांपासून पुढे दंड लावावा लागला. वाहनतळ किती भरत होते ते यावरून समजावं.

ब्रिटिश काळातल्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात ४५ चौरस मीटरची तीच रेषा पुन्हा समोर आली. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर, म्हणजे ४६.४५ चौरस मीटर. सर्वसाधारण तक्त्यात हे आकडे ४५च्या जेमतेम वर, म्हणजे दोन घरांत एका जागेच्या रांगेत पडतात. रहिवासी प्रत्येक घराला एक जागा मागत होते. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५मध्ये दिल्या गेल्या. झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर मात्र ३०० चौरस फुटांचं, २७.८८ चौरस मीटर. तिथल्या रहिवाशांनी घरागणिक पार्किंग मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.