झांज आधी, हात मागून

मामाने क्लिप पाहिली आणि फोन माझ्या हातात परत दिला. "आवाज आधी येता नि तोंड मागसून हलता मरे!"

कुडाळजवळच्या आमच्या गावच्या जत्रेतला दशावतार मी रात्रभर चित्रित केला होता. फोन गर्दीच्या पाठीमागे ट्रायपॉडवर, आणि जास्तीचा एक रेकॉर्डर पेटीवाल्याच्या पायाशी. सकाळी घाईघाईत राजाच्या प्रवेशाचा तुकडा फोनच्याच आवाजासकट कापला आणि घरच्यांना दाखवला. मूळ व्हिडिओत सगळं जागच्या जागी होतं. तुकड्यात मात्र झांज वाजून जायची आणि हात मागून हलायचे. संकासुराच्या तुकड्याबद्दल कुणी काही बोललं नाही, पण त्याचं तोंड मुखवट्याआडच असतं.

दशावतारातले संवाद लिहिलेले नसतात, उभ्या उभ्या सुचतात. त्यामुळे नटाला बोलावून पुन्हा बोलून घ्यायची सोय नाही. हाती आहे तेच जुळवायचं.

कापताना नेमकं काय बिघडतं? व्हिडिओची फाइल आपल्याला एक वाटते, पण तिच्या पोटात चित्र आणि आवाज असे दोन वेगळे प्रवाह असतात. दोघांच्या प्रत्येक तुकड्यावर वेळेचा शिक्का असतो आणि प्लेअर ते शिक्के बघून दोघांना एकत्र चालवतो. चित्राची गोम अशी की प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण चित्र येतं, त्याला की-फ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढीच नोंद. दोन की-फ्रेममधलं अंतर कधी सेकंदभराचं, कधी बरंच जास्त; एक्स-264 या लोकप्रिय एन्कोडरमध्ये (व्हिडिओ दाबून साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) काही न बदलता ठेवलं तर ते 250 फ्रेमपर्यंत जातं, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेम असतील तर तब्बल 10 सेकंद.

आता समजा, मला 10.7 व्या सेकंदाला कापायचं आहे आणि जवळची की-फ्रेम 10.0 ला आहे. झटपट कापणारं अ‍ॅप व्हिडिओ नव्याने एन्कोड करत नाही, आहे तो डेटा उचलून ठेवतं. चित्र त्याला 10.0 पासूनच घ्यावं लागतं, नाहीतर पुढच्या फ्रेमना आधार राहत नाही. आवाजाला असं बंधन नाही, तो 10.7 पासून मिळतो. शहाणं अ‍ॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं की पहिले 0.7 सेकंद चित्र दाखवू नका. पण ही चिठ्ठी न लिहिणारी अ‍ॅप आहेत आणि ती न वाचणारे प्लेअरही आहेत. मग दोन्ही प्रवाह शून्यापासून सुरू होतात आणि आवाज पाऊण सेकंदाने पुढे पळतो. माझ्या राजाचं हेच झालं होतं. उपाय सरळ आहे: की-फ्रेमवर कापा, किंवा तुकडा नव्याने एन्कोड होऊ द्या. वेळ लागतो, लागू दे.

आवाजाचे तुकडेही मनाजोगते पडत नाहीत. व्हिडिओत आवाजाची पातळी बहुधा सेकंदाला 48000 वेळा मोजून ठेवतात, या मोजमापांना नमुने म्हणतात. 25 च्या वेगाला एका फ्रेमच्या वाट्याला 1920 नमुने येतात. पण एएसी या आवाज दाबून साठवायच्या पद्धतीत तो 1024 नमुन्यांच्या ठोकळ्यांत बांधलेला असतो. 1920 ला 1024 ने पुरता भाग जात नाही. 8 फ्रेम आणि 15 ठोकळे झाले की दोघं एकदाचे समेवर येतात, म्हणजे दर 320 मिलिसेकंदांनी. मध्ये कुठेही कापलं की आवाज चित्रापेक्षा थोडा लांब किंवा आखूड राहतो. एका तुकड्यात हा फरक 21 मिलिसेकंदांच्या आतला, कुणाला कळत नाही. पण असे वीस तुकडे नुसते शेपटाला शेपूट जोडत गेलात, तर शेवटाकडे ओठ आणि शब्द फारकत घेतात. म्हणून जोडकाम संपेपर्यंत आवाज न दाबलेल्या वेव्ह फाइलमध्ये ठेवावा आणि एएसी अगदी शेवटी, एकदाच करावं.

किती चुकलं तर कळतं? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 1998 च्या शिफारशीत याचे आकडे आहेत. आवाज सुमारे 45 मिलिसेकंद आधी आला की माणसाला जाणवतं. उशिरा आला तर मात्र सुमारे 125 मिलिसेकंदांपर्यंत चालून जातं. हा पक्षपात मला फार आवडतो. शिमग्यात खाडीच्या पलीकडे ढोल वाजत असेल तर टिपरू पडलेलं आधी दिसतं, ठोका मग ऐकू येतो. साडेतीनशे मीटरांवर जवळजवळ एका सेकंदाचा फरक. उलटं निसर्गात कधी घडत नाही. उशिराच्या आवाजाची मेंदूला सवय आहे. आधी आलेला त्याला खोटा वाटतो.

आणि इथेच माझी दुसरी फजिती झाली. फोनचा आवाज गर्दीच्या गोंगाटात बुडालेला, म्हणून पेटीजवळच्या रेकॉर्डरचा स्वच्छ आवाज लावायचं ठरवलं. दोन्हींचे वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाच्या चढउताराचे आलेख, एकमेकांवर तंतोतंत बसवले. तरी काहीतरी खटकत होतं. फोन रंगमंचापासून 35 मीटर तरी लांब होता. डिसेंबरच्या रात्री 22 अंशांना ध्वनी सेकंदाला साधारण 345 मीटर जातो, म्हणजे फोनपर्यंत पोचायला त्याला 100 मिलिसेकंद लागले, अडीच फ्रेम. मी स्वच्छ आवाज जुळवला तो त्या उशिरा पोचलेल्या आवाजाशी. जुळवायला हवा होता चित्राशी, झांजा एकमेकींवर आपटलेल्या दिसतात त्या फ्रेमशी. सिनेमावाले क्लॅप कॅमेऱ्याच्या तोंडासमोर धरतात ते उगाच नाही.

रात्र मोठी असली की आणखी एक भानगड. फोन आणि रेकॉर्डर यांची घड्याळं वेगवेगळ्या क्वार्ट्झ स्फटिकांवर चालतात. दोघांत दहा लाखांत 20 भागांचा फरक असला, तरी तासाला 72 मिलिसेकंद सुटतात. सहा तासांच्या नाटकात 432, म्हणजे जवळपास 11 फ्रेम. सुरुवात जुळवली की पहाट बिघडते. त्यात अंधारात फोन आपणहून फ्रेमचा वेग कमी-जास्त करतो, आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर तो स्थिर धरून चालतं. चित्रण आधी स्थिर वेगात बदलून घेतल्याशिवाय मी आता कात्री लावत नाही.

पुढच्या जत्रेला गणपतीच्या प्रवेशाआधी झांजवाल्याकडून कॅमेऱ्याकडे बघत एक ठोका घेतला आणि पहाटे नाटक संपल्यावर दुसरा. दुसऱ्या वेळी तो पेंगुळलेला होता, पण वाजवला. दोन ठोक्यांमधलं अंतर चित्रात मोजायचं, रेकॉर्डरच्या फाइलमध्ये मोजायचं, आणि आवाज तेवढ्या प्रमाणात ताणायचा किंवा आवळायचा. तुकडे त्यानंतर.