साथीच्या काळात एंडोस्कोपी विभागातील संसर्ग कसा टाळावा : आमच्या ग्राहक रुग्णालयांसाठी माहितीपत्रक

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील ज्या रुग्णालयांना आमची पेढी दुर्बिणीच्या तपासणीची उपकरणे, निर्जंतुकीकरणाची द्रावणे आणि दुरुस्तीची सेवा पुरवते, त्यांच्यासाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले आणि तेव्हापासून आमच्याकडे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागला : या नव्या विषाणूसाठी अधिक जहाल रसायन कोणते वापरावे? पुढची साथ कोणतीही असो, हा प्रश्न पुन्हा विचारला जाईल, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

कोरोना विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि ते आवरण फुटले की विषाणू निष्प्रभ होतो. क्षयरोगाचे जंतू किंवा आवरण नसलेले विषाणू यांच्या मानाने तो रसायनांपुढे लवकर हार मानतो. त्यामुळे क्षयाच्या जंतूंना मारणारी जी उच्च पातळीची निर्जंतुकीकरण प्रक्रिया आपण स्कोपसाठी (शरीरात घालायच्या दुर्बिणीच्या नळीसाठी) एरवीही करता, ती नीट झाली तर या विषाणूसाठी वेगळे रसायन लागत नाही. साथीत खरा धोका वाढतो तो खोलीतील हवेमुळे, तेथे काम करणाऱ्या माणसांच्या निकट संपर्कामुळे आणि दोन रुग्णांमधील घाईमुळे.

जठराच्या तपासणीत रुग्णाचे तोंड उघडे असते, त्याला उबळ येते, तो खोकतो, आणि डॉक्टर व सहाय्यक त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे असतात. बायोप्सीचा (तपासणीसाठी तुकडा घेण्याचा) चिमटा चॅनेलमधून, म्हणजे स्कोपच्या आतल्या पोकळ नळीतून, बाहेर ओढतानाही तुषार उडू शकतात. मोठ्या आतड्याच्या तपासणीत हा धोका कमी मानला जातो, परंतु रुग्णांच्या मलातही या विषाणूचे अंश आढळले असल्याने तेथेही ढिलाई करू नये. साथ जोरात असताना ज्या तपासण्या थांबू शकतात त्या पुढे ढकलाव्यात. रक्ताची उलटी, घशात अडकलेले नाणे, पित्तनलिकेचा संसर्ग, कर्करोगाचा दाट संशय अशा रुग्णांना मात्र थांबवू नये. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून दिवसभराचा प्रवास करून आलेल्या रुग्णाला दारातून परत पाठवावे लागू नये, यासाठी ताप-खोकल्याची चौकशी आदल्या दिवशीच फोनवर करावी.

खोलीत आवश्यक तेवढीच माणसे असावीत आणि त्या प्रत्येकाला चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क, फेसशील्ड, पूर्ण बाह्यांचा गाऊन व हातमोजे मिळावेत. हे साहित्य अंगावरून उतरवताना हात दूषित होण्याची शक्यता सर्वाधिक असते, म्हणून उतरवण्याचा क्रम भिंतीवर लावावा आणि हात धुण्याची सोय त्याच जागी ठेवावी. येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. डॉक्टरांना एन-९५ आणि स्कोप धुणाऱ्या मावशींना साधा कापडी मास्क, ही विभागणी आम्हाला मुळीच मान्य नाही. चॅनेलमध्ये ब्रश फिरवताना उडणारे शिंतोडे थेट त्यांच्याच चेहऱ्यावर येतात. त्यांना तेच संरक्षण मिळाले पाहिजे.

खोलीतील हवा

आपल्या भागातील हा सर्वांत अवघड विषय आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, खिडक्या बंद करून स्प्लिट एसी लावला जातो आणि खोली थंड झाली म्हणजे हवा शुद्ध झाली, असा समज होतो. स्प्लिट एसी तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. खोलीतील हवा तासाला १२ वेळा बदलत असेल, तर हवेत तरंगणारे ९९ टक्के कण निघून जाण्यास सुमारे २३ मिनिटे लागतात आणि ९९.९ टक्के निघण्यास ३५ मिनिटे. तीच हवा तासाला ६ वेळाच बदलत असेल, तर या वेळा ४६ आणि ६९ मिनिटे होतात. दोन रुग्णांमधील अंतर या हिशेबाने ठरवावे, बाहेर बसलेल्या रुग्णांच्या संख्येवरून नव्हे. ऋण दाबाची खोली (जिच्यातील हवा दारातून बाहेर पसरत नाही अशी) प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयाला परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु रुग्णाच्या डोक्याकडील भिंतीत, वर्दळ नसलेल्या बाजूला हवा सोडणारा पुरेशा क्षमतेचा एक्झॉस्ट पंखा बसवणे आणि समोरच्या बाजूने ताजी हवा येऊ देणे बहुतेकांना शक्य आहे. त्याने खोली थोडी गरम राहील आणि विजेचे बिलही वाढेल, तरी तो खर्च करावा असे आमचे स्पष्ट मत आहे.

या मधल्या वेळात खाट, ट्रॉली आणि हाताळलेली बटणे पुसून घ्यावीत. फरशीसाठी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट वापरावे. बाजारातील द्रावण ५ टक्क्यांचे असेल तर त्याच्या एका भागात चार भाग पाणी मिसळावे, ते रोज ताजे करावे आणि किमान १० मिनिटे राहू द्यावे. धातूच्या वस्तूंवर व स्कोपवर हायपोक्लोराइट कधीही लावू नये, आणि ते आम्लयुक्त क्लीनरबरोबर मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

स्कोपची स्वच्छता

स्कोप रुग्णाच्या शरीरातून बाहेर येताच, खाटेजवळच, तो बाहेरून पुसून चॅनेलमधून एन्झाइमचे द्रावण ओढून घ्यावे. श्लेष्मा आणि रक्त एकदा वाळले की ब्रशने निघत नाहीत आणि त्यांच्या थराखाली जंतू सुरक्षित राहतात. आपल्याकडील कोरड्या उन्हाळ्यात हे वाळणे फार लवकर होते. पुढील धुण्याचे काम तासाभराच्या आत सुरू व्हावे. प्रथम लीक टेस्ट (स्कोपला कोठे गळती नाही ना, याची तपासणी), मग एन्झाइमच्या द्रावणात पूर्ण बुडवून प्रत्येक चॅनेलमध्ये योग्य मापाचा ब्रश, आणि स्वच्छ पाण्याने धुतल्यावरच निर्जंतुकीकरणाचे द्रावण, हा क्रम कितीही गर्दी असली तरी मोडू नये. हाताने न घासलेला स्कोप निर्जंतुकीकरणाच्या महागड्या यंत्रात घातला तरी तो निर्जंतुक होत नाही.

हाताने बुडवताना ०.५५ टक्के ऑर्थो-थॅलाल्डिहाइडच्या द्रावणात २० अंश तापमानाला साधारण १२ मिनिटे, तर २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये २० मिनिटे स्कोप ठेवण्याची पद्धत प्रचलित आहे. तरीही बाटलीवर छापलेली वेळच प्रमाण मानावी. थंडीत आपल्याकडे रात्री पारा १० अंशांपर्यंत उतरतो आणि सकाळी ट्रेमधील द्रावण २० अंशांच्या बरेच खाली असते, तेव्हा पहिल्या रुग्णाआधी तापमान मोजणे गरजेचे आहे. वारंवार वापराने द्रावण पातळ होते, म्हणून रोज कामाच्या आधी टेस्ट स्ट्रिपने तपासावे, ऑर्थो-थॅलाल्डिहाइड ०.३ टक्क्यांच्या खाली गेले की, वापराची १४ दिवसांची मुदत पूर्ण झाली नसली तरी, ते टाकून द्यावे. बायोप्सीचा चिमटा श्लेष्मल आवरण भेदतो, त्यामुळे तो एकदाच वापरण्याचा असावा किंवा ऑटोक्लेव्ह (दाबाखालील वाफेने निर्जंतुक) केलेला असावा.

शेवटची धुलाई बोअरच्या जड पाण्याने करू नये, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून आलेले किंवा निर्जंतुक पाणी वापरावे. त्यानंतर चॅनेलमधून ७० टक्के अल्कोहोल आणि मग दाबाची हवा सोडून आतील ओल पूर्ण घालवावी, कारण ओल्या चॅनेलमध्ये रात्रभरात जंतू वाढतात. ईआरसीपीच्या (पित्त व स्वादुपिंडाच्या नलिकांच्या तपासणीच्या) स्कोपच्या टोकाशी असलेल्या एलिव्हेटरच्या (उपकरणाला दिशा देणाऱ्या छोट्या हलत्या भागाच्या) मागची फट अधिक काळजीने घासावी. औषधांना दाद न देणारे जंतू या स्कोपमधून पसरल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ साली त्याबद्दल इशारा दिला होता.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीच्या आजाराचे) रुग्ण वाढले आणि कान-नाक-घसा विभागातील नाकाच्या दुर्बिणीवर एकदम ताण आला. ही दुर्बीण श्लेष्मल त्वचेला स्पर्श करते, म्हणून स्पिरिटच्या बोळ्याने पुसणे तिला पुरेसे नाही. तिलाही उच्च पातळीचे निर्जंतुकीकरणच हवे. मधुमेह आणि स्टिरॉइडमुळे आधीच दुबळ्या झालेल्या रुग्णांवर ती वापरली जाते, हे ध्यानात ठेवावे.

दुरुस्तीसाठी स्कोप पाठवताना

स्कोप निर्जंतुक व कोरडा करूनच पाठवावा आणि त्यासोबत तारीख, वापरलेले द्रावण आणि धुणाऱ्या व्यक्तीची सही असलेली चिठ्ठी जोडावी. लीक टेस्टमध्ये गळती आढळल्यास तो द्रावणात तसाच बुडवून ठेवू नये. आम्हाला फोन करावा, त्या मॉडेलसाठी उत्पादकाने सांगितलेली पद्धत आम्ही कळवू. असा स्कोप पिवळ्या पिशवीत बांधून वर ‘निर्जंतुक केलेला नाही’ असे ठळक लिहावे. फोमची पेटी केवळ ने-आण करण्यासाठी आहे, तिचे निर्जंतुकीकरण होऊ शकत नाही. दुरुस्त होऊन परत आलेला स्कोप पेटीतून काढून, संपूर्ण प्रक्रिया पुन्हा करून, हवेशीर कपाटात उभा टांगावा आणि त्यानंतरच रुग्णासाठी वापरावा.