चरबी कशासाठी? एन्फिल्डच्या कागदी काडतुसाची पार्श्वभूमी

१८५७ चा धडा आपण सगळेच शाळेत शिकलो. ब्रिटिशांच्या नव्या एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावलेली, ती दातांनी तोडायची, त्यावरून शिपाई बिथरले. पण काडतुसाला मुळात चरबी लावायचीच कशाला, हे त्या धड्यात नसतं. त्याचं उत्तर नळीत साचणाऱ्या काजळीत सापडतं, आणि ते कळल्याशिवाय त्या काळातल्या कुठल्याच रायफलीचा इतिहास नीट उलगडत नाही.

काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ब्रिटिशांकडचा बराचसा सोरा बिहारमधून, कंपनीच्या जहाजांतून जायचा. ही दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घनरूपात उरतो. त्यातला काही धुरातून बाहेर जातो, बाकीचा नळीला चिकटतो, आणि सुकला की कडक पापुद्रा धरतो. ठासणीच्या बंदुकीत गोळी तोंडाकडून घालायची असल्यामुळे दर बाराला तिची वाट अरुंद होत जाते. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक ज्यांच्या घरी आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

जुन्या मस्केटला याची फारशी झळ पोचत नसे. ब्रिटिशांच्या ‘ब्राऊन बेस’ची नळी पाऊण इंच रुंद, आतून गुळगुळीत, आणि गोळी तिच्यापेक्षा बरीच लहान. कागदाच्या पुडीतली दारू ओतायची, पुडीसकट गोळी सोडायची, गज (ठासायची सळई) मारायचा, झालं. भरायला सोपी, पण नेम शंभर यार्डांपलीकडे भरवशाचा नाही. रायफलीचं उलट. तिच्या नळीत पेचदार खाचा असतात आणि गोळीने त्या पकडल्या तरच तिला फिरकी मिळते. म्हणून गोळी घट्ट हवी, घट्ट म्हणजे ठोकून बसवायची, आणि चार बार झाले की काजळीमुळे तीही बसेना. त्यामुळे रायफल निवडक तुकड्यांपुरतीच राहिली.

सैल जाणारी आणि घट्ट होऊन निघणारी गोळी, एवढ्या एका गोष्टीमागे पाव शतक गेलं. फ्रान्समध्ये देल्विन्यने १८२६ साली गोळी आत गेल्यावर गजाने ठोकून फुगवायची युक्ती काढली. पुढे थूव्हनँने नळीच्या तळाशी खुंटी बसवली आणि गोळी तिच्यावर ठोकायची सोय केली. इंग्रजांकडे कॅप्टन नॉर्टन यांनी तळाशी पोकळ असलेली लांबट गोळी सुचवली होती. दक्षिण हिंदुस्थानात फुंकनळीचे बाण बघताना, त्यांच्या बुडाशी लावलेला मऊ गाभा फुंकरीने नळीत घट्ट बसतो हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगितलं जातं. न्यूकॅसलकडच्या विल्यम ग्रीनर यांनी १८३६ च्या सुमारास तशाच विचाराची गोळी दाखवली. दोघांनाही सैन्याने परत पाठवलं. १८४९ मध्ये फ्रेंच अधिकारी क्लोद-एत्येन मिनिए यांची गोळी आली. तिच्या पोकळ बुडात लोखंडी वाटी असे. स्फोटाचा दाब वाटीला पुढे रेटायचा आणि शिशाच्या कडा खाचांमध्ये दाबल्या जायच्या. ब्रिटिश सरकारने मिनिएंना २०,००० पौंड दिले, तर ग्रीनर यांना नंतर फक्त १,००० पौंड. आपल्याच माणसाचं ऐकलं नाही त्याची ही किंमत होती असं मला वाटतं.

१८५३ ची एन्फिल्ड रायफल-मस्केट या सगळ्यातून आली. नळीचा व्यास ०.५७७ इंच, म्हणजे १४.७ मिलिमीटरच्या आसपास. तिच्यासाठी लंडनचे बंदूकवाले प्रिचेट यांची गोळी घेतली गेली. ही शुद्ध, मऊ शिशाची, शिंप्याच्या अंगुस्तान्यासारखी बुडाशी पोकळ, बाहेरून गुळगुळीत. वजन ५३० ग्रेन, म्हणजे ३४ ग्रॅमच्या आसपास. अंगावर वंगणासाठी एकही खाच नाही. वंगण धरायचं काम कागदाचं.

इथे काडतुसाकडे जवळून बघायला हवं, कारण खरी कारागिरी त्यातच आहे. लाकडी दांड्यावर जाड कागदाची नळी गुंडाळायची आणि तिला पातळ कागदाचं अस्तर द्यायचं. त्यात ६८ ग्रेन, म्हणजे जेमतेम साडेचार ग्रॅम दारू. गोळी बसवायची ती उलटी, टोक दारूकडे आणि पोकळ बूड बाहेर. या सगळ्यावरून आणखी एक बाहेरचा कागद येतो. दारूकडचं टोक पीळ घालून बंद करायचं आणि गोळीकडचं टोक वितळलेल्या वंगणात बुडवायचं. शिपाई पीळ तोडतो, दारू नळीत ओततो, काडतूस उलटं करून गोळीचा भाग नळीच्या तोंडात घालतो आणि वर उरलेला रिकामा कागद फाडून फेकतो. गोळी कागदाच्या वंगणलेल्या अंगरख्यासकट खाली जाते. जाताना मागच्या बाराची काजळी मऊ करते, आणि सुटताना नळी पुसत बाहेर पडते. कागदाचे पदर आणि वंगण धरून गोळी नळीत बरोबर मावते. वंगण काढलं की ही सगळी रचना कोसळते आणि थोड्याच बारांत गज अडतो.

म्हणजे दातांनी तोडायचं टोक आणि चरबीचं टोक ही एकाच काडतुसाची दोन विरुद्ध टोकं होती. पण यावरून शिपायांची भीती खुळी ठरत नाही. उन्हाळ्यात वंगण पाघळतं, कागदात झिरपतं, शेजारच्या काडतुसाला लागतं. शिवाय विटाळायला तोंडच लागतं असं नाही, स्पर्शही पुरतो. आणि चरबी कुठल्या जनावराची, हे पाहण्याची खबरदारी कलकत्त्याच्या शस्त्रागाराने घेतलेलीच नव्हती. कंत्राटदार देईल ती चरबी चालत होती. १८५३ साली हवामानाची चाचणी म्हणून अशी काडतुसं हिंदुस्थानात आली, तेव्हाच कर्नल टकर यांनी लेखी बजावलं होतं की वंगण आक्षेपार्ह नसल्याची खात्री होईपर्यंत ती देशी पलटणींना देऊ नयेत. ते पत्र दप्तरात पडून राहिलं. मग जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या दमदमला शस्त्रागारातल्या एका खलाशाने, म्हणजे मजुराने, ब्राह्मण शिपायाला चरबीवरून टोमणा मारला आणि गोष्ट छावण्याछावण्यांत पसरली. त्याच महिन्यात, शिपायांनी वंगण स्वतःच्या पसंतीचं लावावं अशी मुभा निघाली. पुढे दातांऐवजी हाताने फाडायची कवायतही आली. तोवर संशय कागदावरच गेला होता. त्याची चकाकी चरबीचीच, असं बोललं जात होतं. २४ एप्रिलला मेरठच्या तिसऱ्या घोडदळातल्या ९० पैकी ८५ स्वारांनी जी काडतुसं नाकारली, ती तर जुन्याच, नेहमीच्या धाटणीची होती.

उठाव मोडून काढण्याच्या मोहिमांत खुद्द गोऱ्या पलटणींनाही उष्णतेत ही काडतुसं छळत होती. गोळी अडकण्याच्या तक्रारी गेल्या. इंग्लंडात वूलिचच्या रॉयल लॅबोरेटरीत, म्हणजे सैन्याच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, बॉक्सर यांनी १८५९ मध्ये गोळीचा व्यास ०.५५ इंचांवर आणला. एवढी सैल गोळी नीट फुगावी म्हणून बुडात लाकडी गुडदी बसवली, पुढे भाजलेल्या मातीची आली. वंगणात मधमाश्यांच्या मेणाचं प्रमाण वाढवलं.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारात जेम्स बर्टन यांनी मिनिएंची लोखंडी वाटी काढून टाकली आणि गोळीच्या अंगावरच खाचा ठेवून त्यांत वंगण भरलं. गोळी कागदातून काढून उघडीच ठासायची, दारू ६० ग्रेन. यादवी युद्धात दोन्ही बाजूंकडे एन्फिल्ड रायफली होत्या, त्यामुळे दोन्ही पद्धती समोरासमोर वापरल्या गेल्या. १८६६ मध्ये ब्रिटिशांनी मागून भरायची स्नायडर स्वीकारली. तिचं पितळी पत्र्याचं काडतूसही बॉक्सर यांचंच. १८६९ साली पुण्याजवळ खडकीला काडतुसांचा कारखाना उभा राहिला तेव्हा ठासणीचा जमाना सरला होता.

आज अमेरिकेत आणि युरोपात या रायफलींच्या नेमबाजीच्या स्पर्धा होतात. तिथे बरेच जण अमेरिकी पद्धतीची खाचांची गोळी एन्फिल्डमध्ये वापरतात, दारू प्लॅस्टिकच्या नळकांड्यांतून ओततात, आणि नळी सारखी पुसत बसतात. एन्फिल्ड तेवढ्यावरून वाईट ठरवली जाते, हे मला तरी अन्यायाचं वाटतं. ज्यांनी गुळगुळीत गोळी ओतून, कागद गुंडाळून, मेण आणि मेंढीच्या चरबीचं वंगण लावून जुनं काडतूस जसंच्या तसं वळलं, त्यांना नळी न पुसता लांबलचक मालिका मारता येते.